तिसरं प्रकरण

संगणक अभियांत्रिकीतला पीएचडीचा कुठलाही प्रबंध हाती घ्या. पहिलं प्रकरण प्रस्तावनेचं, दुसरं लिटरेचर सर्व्हेचं आणि तिसरं बहुतेक वेळा ‘प्रपोझ्ड मेथडॉलॉजी’चं. या तिसऱ्या प्रकरणात एक ब्लॉक डायग्राम असतो. डावीकडून डेटा आत येतो, प्रीप्रोसेसिंगच्या चौकोनातून जातो, पुढे फीचर एक्स्ट्रॅक्शन, पुढे क्लासिफायर, आणि उजवीकडून निकाल बाहेर पडतो. खाली अल्गोरिदम आणि काही समीकरणं. जी गोष्ट बांधली तिचं हे वर्णन असतं आणि बऱ्याचदा ते नेटकं असतं. पण ती आधीच्या गोष्टींपेक्षा चांगली आहे हे संशोधकाने कशावरून ठरवलं, कशाशी ताडून पाहिलं, काय करून बघितल्यावर सोडून दिलं, प्रयोग कुठे थांबवला आणि तिथेच का, यातलं काही तिथे सापडत नाही. पान उलटलं की थेट निकालांचा तक्ता येतो. त्यात शेवटची ओळ ठळक अक्षरात असते, ती प्रबंधकर्त्याची.

मी एका संलग्न महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी शिकवते, एमटेक आणि पीएचडीच्या मुलांची गाइड आहे, आणि बाहेरचे प्रबंधही माझ्याकडे तपासायला येतात. वाचताना मनात एकच प्रश्न घोळत राहतो: हे खरं आहे हे तुला कसं कळलं? व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न विचारला की मुलं गोंधळतात. कष्टात ती कुठे कमी पडलेली नसतात. कितीतरी रात्री त्यांनी सर्व्हरसमोर काढलेल्या असतात, शेकडो वेळा कोड चालवलेला असतो. पण त्या सगळ्या खटाटोपाला पद्धत म्हणायचं आणि ती लिहायची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून ‘संगणकशास्त्रात संशोधन पद्धतच नाही’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. पद्धत असते. चांगल्या प्रयोगशाळांत तर ती फार कसोशीने पाळली जाते. फक्त ती तोंडी चालते, आणि म्हणून ज्यांच्या कानावर ती पडत नाही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. या लेखात मला बोलायचं आहे ते त्यांच्याविषयी.

माझ्या स्वतःच्या गाइडकडून मी जे शिकले त्यातलं जवळपास काहीच कागदावर नव्हतं. सर कॉरिडॉरमधून जाता जाता बोलत. ‘निकाल फारच चांगला आला तर आधी घाबरायचं, मग आनंद करायचा.’ ‘दुसऱ्याचा कोड घेतलास ना, तर त्याला हात लावण्याआधी त्यांच्या पेपरातला आकडा आपल्या मशिनवर येतो का बघ.’ ‘साधी पद्धत आधी चालव. ती हरली तरच अवघड पद्धतीकडे जा.’ तेव्हा मला हे वडीलधाऱ्यांचे उपदेश वाटत. आता कळतं की यातलं एकेक वाक्य म्हणजे संशोधन पद्धतीचा एकेक धडा होता.

पहिलंच घ्या. निकाल फार चांगला आला की घाबरायचं, कारण परीक्षेचा डेटा शिकवणीच्या डेटात मिसळला असण्याची शक्यता असते. एकाच रुग्णाच्या दहा एक्स-रे प्रतिमांपैकी आठ मॉडेलला शिकवायला दिल्या आणि दोन तपासायला ठेवल्या, तर मॉडेल आजार ओळखायला शिकतं की तो रुग्ण ओळखायला, हे सांगता येत नाही. याला डेटा लीकेज म्हणतात. प्रिन्स्टनच्या सयश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये १७ ज्ञानशाखांतल्या २९४ शोधनिबंधांवर अशा गळतीचा परिणाम झाल्याचं दाखवलं. हे निबंध लिहिणारे लोक अडाणी नव्हते. त्यांच्या कॉरिडॉरमध्ये ते वाक्य बोलणारं कुणी नसावं, असं मला वाटतं.

यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएचडीसाठी कोर्सवर्क सक्तीचं केलं आणि त्यात ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ हा विषय आला. गृहीतक कसं मांडायचं, नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी करायची, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर अशा संख्याशास्त्रीय चाचण्या. हे सगळं ज्ञान मोलाचं आहे. पण वर्गात येणारी उदाहरणं बहुधा बँकेच्या ग्राहकांची किंवा शाळेतल्या विद्यार्थ्यांची असतात. कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करणारी मुलगी हे शिकते, पेपर लिहून पास होते आणि आपल्या टेबलाशी परत येते तेव्हा तिच्यापुढचे प्रश्न जागेवरच असतात. तुलनेसाठी बेसलाइन, म्हणजे जिच्याशी ताडून पाहायचं ती आधीची पद्धत, कुठली घ्यायची? ती किती मन लावून ट्यून करायची, म्हणजे तिची सेटिंग किती जुळवून बघायची? वेग मोजायचा तर प्रोग्रॅम किती वेळा चालवायचा, आणि पहिली फेरी धरायची की सोडायची? सर्व्हरवर त्या वेळी दुसऱ्या कुणाचं काम चालू असेल तर? याची उत्तरं तिला मिळतात ती सीनियर मुलांकडून, चहाच्या टपरीवर. सीनियर चांगला भेटला तर चांगली मिळतात.

वेग मोजण्याची गोष्ट निघालीच आहे तर २००९ सालच्या एका शोधनिबंधाविषयी जरा सविस्तर सांगते, कारण मी तो दरवर्षी मुलांना वाचायला लावते. टॉड मिटकोविच, अमेर दिवान, मथियास हाउसविर्थ आणि पीटर स्वीनी या चौघांनी तो एएसपीएलओएस या संगणक प्रणालींवरच्या परिषदेत मांडला. युनिक्समध्ये एखादा प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे वापरकर्त्याचं नाव, फोल्डरचे पत्ते वगैरे मजकूर, मेमरीत स्टॅकच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या डेटाच्या जागेच्या, आधी जाऊन बसतो. हा मजकूर लांबला की स्टॅकची सुरुवात सरकते. ती सरकली की डेटा मेमरीत कुठल्या पत्त्यावर पडतो ते बदलतं, आणि प्रोसेसरचा वेग त्यावर अवलंबून असतो. म्हणजे कोड तोच, मशिन तेच, कंपायलर तोच, पण लॉगिनचं नाव लांब असलं तर निकाल वेगळा येऊ शकतो. प्रोग्रॅमचे तुकडे कुठल्या क्रमाने लिंक केले, यानेही तसंच होतं. कंपायलरची वरची ऑप्टिमायझेशन पातळी, म्हणजे कोड अधिक वेगवान करण्याचं सेटिंग, फायद्याची आहे की तोट्याची, इतक्या मूलभूत प्रश्नाचं उत्तरसुद्धा या बारीकसारीक गोष्टींनी उलटू शकतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. मग त्यांनी या क्षेत्रातल्या नावाजलेल्या परिषदांमधले १३३ शोधनिबंध तपासले. मोजमापातल्या या झुकावाची पुरेशी दखल त्यातल्या एकानेही घेतलेली नव्हती.

हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मी किती तरी वेळ सुन्न होते. त्या १३३ निबंधांच्या लेखकांपैकी कुणी लबाडी केलेली नव्हती. लॉगिनचं नाव ही प्रयोगाची अट आहे, ती नोंदवायला हवी, हे कुणाच्या मनातही आलं नसणार. रसायनशास्त्रात पाण्याची शुद्धता नोंदवायची हे शतकभराच्या अनुभवातून ठरलं. आमच्या क्षेत्राला आपलं पाणी कुठलं, हेच अजून पुरतं समजलेलं नाही.

असं का झालं याची मुळं विषयाच्या जन्मात आहेत. गणिताकडून आलेल्यांना वेगळी पद्धत लिहायची गरज वाटली नाही, कारण प्रमेयाची सिद्धता हीच त्याची पद्धत असते आणि ती पानावर पूर्ण दिसते. अभियांत्रिकीकडून आलेल्यांनी यंत्र चालवून दाखवलं आणि म्हटलं, हे पाहा, चालतंय. ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७५ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात संगणकशास्त्र हे अनुभवाधिष्ठित शास्त्र आहे, प्रत्येक नवं यंत्र हा निसर्गाला विचारलेला एक प्रश्न आहे, अशी मांडणी केली होती. पण प्रश्न विचारायचा तर उत्तर कसं ऐकायचं याचीही शिस्त लागते, आणि ती मागे पडली. १९९५ साली वॉल्टर टिची आणि सहकाऱ्यांनी ४०० शोधनिबंध चाळून पाहिले. त्यांच्या संगणकशास्त्राच्या नमुन्यात ज्या निबंधांना प्रयोगाचा आधार हवा होता, त्यातल्या ४० टक्क्यांत तो अजिबात नव्हता. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगशी संबंधित नियतकालिकांत हे प्रमाण ५० टक्के होतं. तुलनेसाठी घेतलेल्या ऑप्टिकल इंजिनिअरिंगच्या नियतकालिकात ते १५ टक्के निघालं.

त्यानंतर प्रयोग वाढले. आज आकड्यांशिवाय पेपर लागत नाही. पण आकडे आले म्हणून पद्धत बोलकी झाली असं झालं नाही. २०१९ मध्ये मिलानच्या माउरित्सिओ फेरारी दाक्रेमा यांनी पाओलो क्रेमोनेसी आणि दित्मार यानाख यांच्याबरोबर रेकमेंडर सिस्टिमवरचं काम तपासलं. तुम्ही अमुक पाहिलंत म्हणून तमुकही पाहा, असं सुचवणाऱ्या प्रणालींवरचं. मान्यवर परिषदांमधल्या, डीप लर्निंग वापरणाऱ्या १८ पद्धती त्यांनी घेतल्या. वाजवी कष्टांत पुन्हा चालवता आल्या त्या फक्त ७. आणि त्या ७ पैकी ६ अनेकदा जुन्या, साध्या पद्धतींपुढे हरल्या. सारख्या आवडीची माणसं शोधा आणि त्यांना आवडलेलं सुचवा, इतक्या साध्या. फक्त त्या साध्या पद्धती या तिघांनी नीट ट्यून केल्या होत्या.

या एका वाक्यात आमच्या क्षेत्रातली सगळ्यात मोठी न बोललेली गोष्ट आहे. आपल्या मॉडेलसाठी माणूस महिनोन्महिने खपतो. लर्निंग रेट बदलून बघतो, लेअर वाढवतो, कमी करतो. दुसऱ्याची पद्धत मात्र आहे त्या सेटिंगवर एकदा चालवतो आणि येईल तो आकडा तक्त्यात भरतो. मनात खोट नसतानाही हे घडतं, कारण आपल्या गोष्टीवर आपलं प्रेम असतं. कुठल्या पद्धतीला किती वेळ दिला हे लिहिणं बंधनकारक असतं, तर ही असमानता पहिल्या वाचनातच दिसली असती.

कोड मागितला तर मिळतो का, याचंही उत्तर आहे. ॲरिझोना विद्यापीठातल्या क्रिश्चियन कोलबर्ग आणि टॉड प्रोबस्टिंग यांनी संगणक प्रणालींवरचे शोधनिबंध घेतले. त्यातल्या ४०२ निबंधांचे निष्कर्ष कोडवर उभे होते. कोड मिळवून ३० मिनिटांच्या आत बिल्ड करता आला, म्हणजे त्यातून चालवण्याजोगा प्रोग्रॅम तयार करता आला, अशांचं प्रमाण ३२.३ टक्के निघालं. जास्त खटपट केली तेव्हा ते ४८.३ टक्क्यांवर गेलं. हे फक्त बिल्ड होण्याचं. निकाल तोच येतो का, हा पुढचा प्रश्न त्यांनी हाती घेतलाच नव्हता.

संस्थांमध्ये संगणक कसे वापरले जातात हे अभ्यासणाऱ्या, आमच्या शेजारच्या इन्फर्मेशन सिस्टिम्स या विषयात चित्र निराळं आहे. तिथे पद्धतीवर भरभरून लिहिलं जातं, कारण तो विषय व्यवस्थापन आणि समाजशास्त्राच्या अंगणात वाढला. वांडा ऑर्लिकोव्स्की आणि जॅक बरूदी यांनी १९९१ मध्ये १५५ शोधनिबंध तपासले तेव्हा ९६.८ टक्के निबंध प्रत्यक्षार्थवादी, म्हणजे मोजा-तपासा-सिद्ध करा या एकाच विचारधारेतले निघाले. त्यावर त्या क्षेत्रात मोकळी आणि लांबलचक चर्चा झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. १९९९ साली ‘एमआयएस क्वार्टर्ली’च्या एकाच अंकात हाइन्झ क्लाइन आणि मायकेल मायर्स यांनी अर्थनिर्णयनात्मक, म्हणजे माणसं आपल्या जगाचा अर्थ कसा लावतात ते समजून घेणाऱ्या, क्षेत्रअभ्यासाची सात तत्त्वं मांडली, आणि जेफ वॉल्शम आणि सुंदीप साहाय यांनी भारतातल्या जिल्हा प्रशासनात जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशांची प्रणाली, कसं रुजलं किंवा रुजलं नाही याचा अभ्यास छापला. त्या सात तत्त्वांतलं एक असं आहे की संशोधक आणि ज्यांचा अभ्यास चालला आहे ती माणसं यांच्यातल्या देवाणघेवाणीतून माहिती घडत जाते, याचं भान ठेवा आणि ते लिहा. २००४ मध्ये ॲलन हेव्हनर आणि सहकाऱ्यांनी डिझाइन सायन्सची चौकट दिली. एखादी वस्तू बांधणं हेही संशोधन कधी ठरतं, याची ती चौकट आहे. आमच्याकडच्या ब्लॉक डायग्रामला जी भाषा हवी होती ती शेजारच्या घरात तयार होती. आमच्या अभ्यासक्रमात तिचा उल्लेख मला क्वचितच दिसतो, आणि याची मला खंत आहे.

तिथेही न बोललेलं उरतंच. सरकारी कार्यालयात संगणकीकरणाचा अभ्यास करणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं की रेकॉर्डर बंद करून ती बॅग उचलायची तेव्हा क्लार्क खरं बोलायला लागायचे. ‘मॅडम, आता तुम्हाला म्हणून सांगतो,’ अशी सुरुवात व्हायची. तिचे सगळे महत्त्वाचे निष्कर्ष त्या दारातल्या बोलण्यातून आले. निबंधात मात्र ‘अर्धसंरचित मुलाखती’ एवढाच शब्दप्रयोग आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळणार नाही. सगळं लिहायला लागलो तर वाचणार कोण? शोध कधीच सरळ रेषेत लागत नाही. वाचकाला मात्र सरळ रेषाच हवी असते. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरच्या रचनेबद्दल अगदी हेच म्हटलं होतं. आदर्श, तर्कशुद्ध क्रमाने कुणीही सॉफ्टवेअर रचत नाही, कधी रचणारही नाही. तरीही कागदपत्रं मात्र तशी रचना झाल्यासारखीच लिहा, कारण पुढे येणाऱ्या माणसाला तुमचं भरकटणं वाचायचं नसतं, त्याला वस्तू समजून घ्यायची असते. हा युक्तिवाद भक्कम आहे. पण त्याच लेखात पुढे एक सूचना आहे आणि ती फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही: विचारात घेऊन नाकारलेले सगळे पर्याय नोंदवा. ते का विचारात घेतले होते आणि शेवटी का सोडले, हेही लिहा. प्रवासाची रोजनिशी वाचकाच्या माथी मारायची नाही, पण कुठल्या वाटा बंद निघाल्या हे लपवायचंही नाही. आम्ही पहिला अर्धा सल्ला मनापासून पाळला. दुसरा अर्धा सोडून दिला.

आणि काही गोष्टी लिहून पोचतच नाहीत, हेही खरं. हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये टीईए लेसर हा एक प्रकारचा वायू-लेसर बांधू पाहणाऱ्या प्रयोगशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छापील माहिती सगळ्यांना उपलब्ध होती. पण केवळ ती वाचून एकालाही चालणारा लेसर बांधता आला नाही. ज्यांना जमला त्यांचा, तो आधी बांधलेल्या माणसांशी प्रत्यक्ष संबंध आला होता.

आपल्याकडे हा वाद संगीतात होऊन गेलेला आहे. विष्णु नारायण भातखंडे मुंबईत वकिली केलेले गृहस्थ. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून, पंडितांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. घराण्याची चीज घराण्याबाहेर जाऊ नये, असं मानणाऱ्या माणसांचा तो काळ. स्वरलिपी वाचून गाणं येत नाही, हा आक्षेप त्या पुस्तकांवर घेतला गेला आणि तो खरा आहे. मींड कागदावर पूर्ण उतरत नाही. पण ज्यांना उस्तादाच्या घरी राहून शिकणं शक्यच नव्हतं त्यांना त्या पुस्तकांमुळे बंदिश निदान दिसली, आणि आपल्याला काय येत नाही हे कळायला ते दिसणं पुरेसं असतं. आमच्या विषयाला अशा कामाची नितांत गरज आहे असं मला वाटतं.

काय लिहायचं असतं, याचं एक उदाहरण आमच्याच विभागातलं. मराठी समाजमाध्यमांवरच्या वाक्यांचं भाववर्गीकरण करायचा प्रकल्प होता. प्रत्येक वाक्याला सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असं लेबल लावायचं. लेबल लावणाऱ्या दोघी, एक नागपूरकडची, एक रत्नागिरीची. ‘वा, काय रस्ते केलेत आमच्या नगरपालिकेनं!’ हे वाक्य आलं तेव्हा एकीने सकारात्मक म्हटलं, दुसरीने नकारात्मक. ‘नाद खुळा’ हा कोल्हापूरकडचा कौतुकाचा उद्गार आहे हे दोघींपैकी एकीला माहीत होतं, एकीला नाही. ‘लई बेक्कार नाचलाय पोरगा’ यावर तर दोघी अर्धा तास बोलत होत्या, कारण बेक्कार हे शिवीसारखंही येतं आणि तोंडभरून कौतुक म्हणूनही. शेवटी वैतागून त्यांनी आपसांत एक नियम केला: शंका आली की तटस्थ.

तो नियम कुठेही लिहिलेला नव्हता. निबंधाच्या मसुद्यात एकच वाक्य होतं, अशा सगळ्या निबंधांत असतं तसं: दोन मराठी भाषिकांनी लेबल लावली, मतभेद चर्चेने सोडवले. त्यापुढे कोहेनचा कप्पा हा सहमतीचा आकडा. तो चर्चेआधीचा की नंतरचा, याचा उल्लेख नाही. मी दोघींना शेजारी बसवून विचारत गेले तेव्हा तो तोंडी नियम बाहेर आला आणि मग एक कोडं सुटलं. मॉडेल तटस्थ वाक्यांत सारखं अडखळत होतं आणि मुलं त्याचं खापर मॉडेलच्या रचनेवर फोडत होती. वास्तविक ‘तटस्थ’ या डब्यात दोन वेगळ्या गोष्टी जमल्या होत्या. एक, खरोखर भावना नसलेली वाक्यं, ‘उद्या पाणी येणार नाही’ अशी. आणि दुसरी, भावनेने ओथंबलेली पण माणसालाही चटकन न उलगडलेली, उपरोधाची आणि बोलीची वाक्यं. यंत्राला आम्ही नकळत शिकवलं होतं की मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी बोलणाऱ्या माणसाला काही भावना नसतात. हे मॉडेल उद्या तक्रार निवारणाच्या एखाद्या प्रणालीत बसलं असतं तर रस्त्याबद्दलची ती उपरोधिक तक्रार तटस्थ म्हणून बाजूला पडली असती, आणि कारण शोधायला गेलं असतं कुणी, तर निबंधात काहीच सापडलं नसतं.

म्हणून मला ही बाब निव्वळ शिष्टाचाराची वाटत नाही. आयआयटीत किंवा एखाद्या मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस ‘अगं, टेस्ट सेट (तपासायचा डेटा) आधी वेगळा काढून ठेव’ एवढं सहज म्हणून जातो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात आठवड्याचे तास घेऊन, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली भरून, रात्री पीएचडीचं काम करणाऱ्या प्राध्यापकाच्या शेजारी कुणीच नसतं. त्याच्यासमोर फक्त छापील पेपर असतात आणि त्या पेपरांत पद्धत नसते. तो जे दिसतं त्याची नक्कल करतो: ब्लॉक डायग्राम, समीकरणं, ठळक शेवटची ओळ. मग चांगल्या परिषदेतून नकार येतो, त्यातही कारण नीट लिहिलेलं नसतं. ‘इव्हॅल्युएशन इज वीक’ एवढंच. शेवटी पैसे घेऊन काहीही छापणारं नियतकालिक त्याला गाठतं, कारण तिथे कसं कळलं हा प्रश्न कुणी विचारत नाही. २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची यूजीसीची सक्ती काढली, ते बरं झालं. पण त्या प्राध्यापकाला न मिळालेलं ज्ञान नियम बदलून मिळत नाही. अशा माणसांना दर्जाहीन म्हणणं फार सोपं आहे, आणि ते ऐकलं की मला राग येतो.

जगात थोडंफार बदलतं आहे. २०११ मध्ये ईएसईसी-एफएसई या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या परिषदेने निबंधासोबतचा कोड आणि डेटा तपासायला वेगळी समिती नेमली, आता अनेक परिषदांत ती असते. २०१९ पासून न्यूरिप्स या मशीन लर्निंगच्या परिषदेत लेखकांना प्रश्नांची यादी भरून द्यावी लागते: प्रयोग किती वेळा चालवला, हायपरपॅरामीटर, म्हणजे मॉडेलची आधी ठरवायची सेटिंग, कसे निवडले, कुठल्या यंत्रावर चालवलं. हे प्रश्न म्हणजे कॉरिडॉरमधली ती वाक्यंच. दूरवरच्या माणसाला ती पहिल्यांदा छापील मिळाली, याचा मला खरोखर आनंद झाला. मी ती यादी एमटेकच्या पहिल्याच सत्रात देते, परिषदेला पेपर टाकायचा असो वा नसो.

आणि माझ्या मुलांकडून मी तिसऱ्या प्रकरणात ब्लॉक डायग्रामच्या आधी काही पानं मागते. प्रश्न काय होता, तुलना कुणाशी आणि तीच का, प्रत्येक पद्धतीला ट्यूनिंगसाठी किती वेळ दिला, लेबल लावताना कुठले तोंडी नियम झाले. शेवटी एक परिशिष्ट, नाकारलेल्या पर्यायांचं. सुरुवातीला मुलांना भीती वाटते. ‘मॅडम, हे लिहिलं तर एक्स्टर्नल म्हणतील की यांना जमलंच नाही.’ आतापर्यंत तसं झालेलं नाही. मागच्या एका व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्धा वेळ त्या परिशिष्टावरच घालवला, कारण त्यांच्याकडचा एक विद्यार्थी नेमक्या त्याच बंद वाटेवर अडकलेला होता.

जे लिहून पोचत नाही त्याचं काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. आमच्यासारखी महाविद्यालयं परिषदांच्या नोंदणीवर पैसा खर्च करतात. मूल जातं, दहा मिनिटं बोलतं आणि प्रमाणपत्र घेऊन परत येतं. तोच पैसा वापरून तिला पंधरा दिवस एखाद्या चांगल्या गटात नुसतं बसायला पाठवावं. पेपर नको, अहवाल नको. समोरची माणसं लॉग फाइल कशी वाचतात, कुठल्या आकड्यापाशी थबकतात, कुठला प्रयोग अर्ध्यात बंद करतात हे तिने बघावं, आणि ‘हे का?’ असं तिथल्या तिथे विचारावं. पुण्या-मुंबईतल्या संस्थांनी अशा मुलांसाठी वर्षाला दोन खुर्च्या राखून ठेवल्या तरी माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची वर्षं वाचतील.